परक्या वंशातला मित्र : फॅंटसी वाचताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजाराच्या मागल्या गल्लीतल्या एका माडीवर आम्ही काही मराठी वाचक महिन्यातून एकदा जमतो. गेले वर्षभर आमच्या वाचनाचा विषय एकच राहिला आहे : फॅंटसी कादंबऱ्यांत वेगवेगळ्या वंशांची पात्रे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचा द्वेष करतात, तरी त्यांतल्या काहींची मैत्री जमते, ती कशी जमते आणि तिच्यामुळे तो द्वेष खरोखर कमी होतो का. बैठकीला येणारे शाळकरी विद्यार्थी, त्यांचे पालक आणि निवृत्त मंडळी आळीपाळीने तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरे एकदाची लिहून ठेवावीत असे ठरले. लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, त्यामुळे मतेही बरीचशी माझीच आहेत. ज्यांना कथानके आधी कळलेली चालत नाहीत त्यांनी पुस्तके वाचून मग इकडे यावे.

प्रश्न : या कथांत 'वंश' म्हणायचे की 'जात'?

मी 'वंश' म्हणते, पण 'जात' हा शब्द मराठी वाचकाच्या मनातून हलत नाही हेही मान्य करते. आपल्या भाषेत आंब्याची जात असते, बैलाची जात असते आणि माणसाचीही जातच असते. पहिल्या दोन ठिकाणी हा शब्द निरुपद्रवी आहे आणि तिसऱ्या ठिकाणी तो घर भाड्याने मिळेल की नाही हे ठरवतो. आमच्या बैठकीत कोणीतरी सहज "एल्फांची जात उंच" असे बोलून जाते आणि मग पुढची दहा मिनिटे चर्चा मध्य-पृथ्वीवर, म्हणजे एल्फ वगैरे वंश जिथे राहतात त्या इंग्रज लेखक टोल्कीन यांच्या कल्पित जगात, राहत नाही. मला यात वावगे वाटत नाही. उलट परदेशी समीक्षक या पुस्तकांत गोऱ्या-काळ्यांचा प्रश्न शोधतात तेव्हा आपल्या वाचकाला त्यांत पंक्तिभेद दिसतो, आणि तोही तितकाच खरा असतो.

एक सावधगिरी मात्र हवी. फॅंटसीत एल्फ हजारो वर्षे जगतो आणि ट्रोलचे शरीर दगडाचे असते, म्हणजे तिथले भेद लेखकाने खरोखरचे करून ठेवलेले असतात. माणसामाणसांतल्या वंशभेदाला किंवा जातिभेदाला असा कोणताही शारीरिक आधार नाही. हा फरक विसरला की "निसर्गतःच वेगळे, तरीही मित्र" असा चुकीचा धडा हाती लागतो.

प्रश्न : या विषयाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कोणते, आणि त्यात मैत्री नेमकी कशी होते?

टोल्कीन यांच्या 1954–55 साली तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधले लेगोलास आणि गिमली. एक एल्फ, म्हणजे अरण्यप्रेमी, दीर्घायुषी वंशातला; दुसरा ड्वार्फ, म्हणजे डोंगराखाली खाणी खोदणाऱ्या बुटक्या, दणकट वंशातला. दोन्ही वंशांचे वैर जुने आहे आणि या दोघांच्या बाबतीत ते घरगुतीही आहे, कारण लेगोलासच्या वडिलांनी गिमलीच्या वडिलांना पूर्वी आपल्या तळघरात कोंडले होते. (ती हकीकत 1937 सालच्या 'द हॉबिट'मध्ये येते.) एक दुष्ट शक्तीची अंगठी नष्ट करायला निघालेल्या तुकडीत हे दोघे एकत्र येतात. प्रवासाच्या आरंभी ते एकमेकांशी शिष्टाचारापुरतेच बोलतात, आणि बोलले की टोचूनच बोलतात.

एल्फांच्या लोथलोरिएन या वनाच्या सीमेवर पहारेकरी अडवतात. ड्वार्फाने आत यायचे तर डोळ्यांवर पट्टी बांधून, असा तिथला नियम असतो. गिमली कुऱ्हाडीला हात घालतो. पुढारी अरागॉर्न तोडगा काढतो की पट्टी बांधायची तर सर्वांनी बांधू. त्यावर गिमली हसतो आणि म्हणतो की सर्वांची गरज नाही, एकट्या लेगोलासने बांधली तरी मला पुरे. आणि इथे लेगोलास चिडतो. मी एल्फ आहे, इथल्यांचा नातलग आहे, मला पट्टी कशासाठी? आतापर्यंत समंजस वाटलेला हा तरुण आपल्या माणसांसमोर उभा राहताच कसा बदलतो ते पाहण्यासारखे आहे. गिमलीवर पट्टी येत होती तोवर नियम त्याला फारसा खुपला नव्हता. स्वतःवर आली तेव्हा तो अपमान झाला. शेवटी सगळेच पट्टी बांधून चालतात, आणि इतका वेळ एकमेकांना हीन लेखणारे हे दोघे सारख्याच अंधारात ठेचकाळत जातात.

आमच्या एका बैठकीत आठवीतल्या एका मुलाने खरोखरच मफलर डोळ्यांना बांधून जिना उतरून पाहिला. परत आल्यावर तो म्हणाला की पडण्याची भीती नंतरची, आधी इतरांचे डोळे उघडे आहेत याचाच राग येतो. या प्रसंगावर मी ऐकलेले हे सर्वांत चांगले भाष्य आहे.

पुढे त्या वनाची स्वामिनी गॅलाड्रिएल गिमलीशी बोलताना त्याच्या पूर्वजांच्या सरोवराचे, झऱ्याचे आणि नगरीचे नाव ड्वार्फांच्या भाषेत उच्चारते. परक्याच्या, त्यातून शत्रूच्या, तोंडून आपल्या भाषेतली गावांची नावे आलेली ऐकून तो मान वर करतो, आणि त्या क्षणापासून त्याच्यातला राग ओसरू लागतो. जन्म बडोद्यात काढलेल्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. इथल्या कितीतरी घरांत दोन भाषांतली मैत्री एकमेकांच्या पदार्थांची नावे नीट उच्चारण्यापासूनच सुरू झालेली आहे.

त्यानंतरचे सगळे कामातून घडते. रोहान या घोडेस्वारांच्या राज्यातल्या कुरणात तिथला सरदार एओमर गिमलीचे मुंडके उडवण्याची भाषा करतो, तेव्हा लेगोलास क्षणार्धात धनुष्य ताणतो. हेल्म्स डीपच्या लढाईत कोणी किती शत्रू मारले याची दोघांत पैज लागते आणि गिमली 42 विरुद्ध 41 अशी ती जिंकतो. मग ते करार करतात : मी तुझ्याबरोबर तुझे अरण्य पाहीन, तू माझ्याबरोबर माझ्या गुहा पाहा. अरण्याला भिणारा ड्वार्फ आणि गुहेत कोंडल्यासारखे होणारा एल्फ एकमेकांच्या आवडीच्या जागी जातात, आणि गुहा पाहून आल्यावर लेगोलास म्हणतो की यांचे वर्णन करायला शब्द एकट्या गिमलीकडेच आहेत. एरवी एल्फांना शब्दांची वाण नसते.

प्रश्न : 'मित्र' हाच परवलीचा शब्द असलेले दार याच पुस्तकात आहे ना?

होय. मोरिया या ड्वार्फांच्या जुन्या भूमिगत नगरीच्या पश्चिम दारावर एल्फांच्या लिपीत लिहिलेले असते की 'मित्र' म्हण आणि आत ये. तुकडीतला गॅन्डाल्फसारखा विद्वान जादूगार मंत्रावर मंत्र म्हणत बसतो, आणि उत्तर निघते ते एल्फ भाषेतला 'मेल्लॉन', म्हणजे मित्र, हा साधा शब्द. हे दार ड्वार्फ नार्वी आणि एल्फ केलेब्रिम्बोर यांनी मिळून घडवलेले असते. वैर 'अनादि काळापासून' आहे असे दोन्ही बाजू सांगतात, पण दारावर दोघा कारागिरांची नावे आहेत. पूर्वग्रह आपले वय नेहमी वाढवून सांगतो.

प्रश्न : हे भाबडेपण नाही का? मैत्रीने खरोखर पूर्वग्रह जातो याला काही आधार आहे का?

आहे, पण अटींसह. टोल्कीन यांचा पहिला खंड निघाला त्याच 1954 साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांचा पूर्वग्रहावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोन गट नुसते एकत्र आले म्हणून द्वेष कमी होत नाही, कधी वाढतोसुद्धा, असे सांगून त्यांनी चार अटी मांडल्या : दोघांचा दर्जा त्या प्रसंगापुरता तरी सारखा हवा, उद्दिष्ट समान हवे, ते सहकार्यानेच साधणारे हवे, आणि कायदा, अधिकारी किंवा रूढी यांचे पाठबळ हवे. सर्वांच्या डोळ्यांवरची पट्टी म्हणजे पहिली अट आणि अंगठीचा नाश म्हणजे दुसरी; दोघांनी एकमेकांचे वाचले नव्हते, तरी गोष्ट जुळते. पुढे थॉमस पेटिग्र्यू यांनी 1998 साली पुस्ती जोडली की भेटीगाठींत मैत्री होण्याची शक्यता असली पाहिजे. त्यांनी आणि लिंडा ट्रॉप यांनी 2006 साली 515 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात अशा संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे कमी होतो असेच दिसले.

पुस्तकातली मैत्री वाचून काही होते का, हा त्याच्या पुढचा प्रश्न. इटलीतल्या प्राथमिक शाळेच्या मुलांच्या एका गटाबरोबर हॅरी पॉटरमधले पूर्वग्रहाविषयीचे उतारे वाचले गेले आणि त्यांवर चर्चा झाली. दुसऱ्या गटाला त्याच पुस्तकांतले इतर उतारे दिले गेले. पहिल्या गटात स्थलांतरितांविषयीचे मत सुधारलेले आढळले, मात्र जी मुले स्वतःला हॅरीच्या जागी पाहत होती त्यांच्यात. हे संशोधन 2015 साली प्रसिद्ध झाले. त्यातली चर्चेची बाब पालकांनी विसरू नये. मुलाच्या हाती जाडजूड पुस्तक देऊन मोकळे होणे म्हणजे संस्कार नव्हे.

प्रश्न : एकच मित्र 'अपवाद' ठरला आणि बाकीच्यांविषयीचे मत तसेच राहिले तर?

बहुतेक वेळा असेच होते, आणि आमच्या बैठकीतला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. "तू त्यांच्यातला वाटत नाहीस" हे वाक्य बोलणाऱ्याला प्रशंसा वाटते; ऐकणाऱ्याला मात्र आपल्या आईवडिलांसह सगळे गणगोत एका दमात नाकारले गेल्याचे कळते.

माझ्या आजोबांचे एक जिवलग स्नेही होते. दोघे एकाच कचेरीत कारकून होते; संध्याकाळी सुरसागराच्या काठाने फेरी मारून आमच्या ओसरीवर येत आणि बुद्धिबळाचा पट मांडत. त्यांच्या चहाची कपबशी मात्र स्वयंपाकघरात नसे. ती ओसरीच्या कोनाड्यात पालथी घातलेली असे, कपाचा कान तुटलेला होता, आणि चहा झाल्यावर ते स्वतःच ती नळाखाली विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवत. आजोबा या माणसासाठी अर्ध्या रात्री दवाखान्यात धावले आहेत, त्यांच्या मुलीच्या लग्नात उभे राहिले आहेत. पण ती कपबशी आत आणावी हे त्यांना तीस वर्षांत सुचले नाही, किंवा सुचले असले तरी आजीला सांगवले नाही. ही मैत्री खोटी होती असे मी म्हणणार नाही. ती ओसरीपर्यंतची होती.

याच शहरात याहून मोठा दाखला आहे. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर करारानुसार संस्थानच्या नोकरीसाठी 1917 साली इथे आले. अस्पृश्य म्हणून कोठेही जागा मिळेना, तेव्हा ते एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव घेऊन राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना तेथून निघायला लावले. त्यांच्या आठवणींचा पुढचा भाग आमच्या विषयाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे. त्यांचे इथे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्राला वाईट वाटले, पण तुम्ही घरी आलात तर माझे नोकर सोडून जातील असे तो म्हणाला. ख्रिस्ती मित्राने पूर्वी स्वतःहून राहायला बोलावले होते. आता त्याने पत्नीला विचारून सांगतो असे उत्तर दिले. आंबेडकर मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वाट पाहत कमाटीबागेत बसून राहिले.

मित्र होते, शिकलेले होते, स्नेह खोटा नव्हता, वर महाराजा सयाजीरावांसारखा राजा पाठीशी होता. तरी एक मित्र नोकरांपुढे नमला आणि दुसरा घरातल्या मताआड गेला. तेव्हापासून मी फॅंटसीतली प्रत्येक मैत्री एकाच कसोटीवर वाचते : दोघे एकटे असताना ते कसे बोलतात याला मी फारसे महत्त्व देत नाही, आपली माणसे समोर आल्यावर मित्र काय करतो ते पाहते. लोथलोरिएनच्या सीमेवर लेगोलास पहिल्या फेरीत नापास झाला, ही गोष्ट म्हणूनच मला त्या पुस्तकाचा प्रामाणिकपणा वाटते.

प्रश्न : ऑर्कांशी कोणी मैत्री का करत नाही?

ऑर्क म्हणजे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या दुष्ट सत्तेचे क्रूर सैनिक. त्यांच्याशी मैत्री त्या पुस्तकाला पेलत नाही. एक अख्खा वंश जन्मतःच दुष्ट असतो ही कल्पना टोल्कीन यांना स्वतःलाही अडचणीची वाटत होती आणि ऑर्कांच्या उत्पत्तीविषयी त्यांनी आपले मत पुनःपुन्हा बदलले. तरी फटी आहेत. इथिलिएन या प्रदेशात दक्षिणेकडचा एक शत्रुसैनिक, ऑर्क नव्हे, माणूसच, मरून अंगठी वाहणाऱ्याचा सोबती सॅम याच्या पुढ्यात पडतो, तेव्हा सॅमच्या मनात येते की याचे नाव काय असेल, हा मनाने खरोखर वाईट होता की थापा आणि धमक्या यांनी घरापासून इतका दूर ओढला गेला. शाग्राट आणि गोर्बाग या दोन ऑर्क अधिकाऱ्यांचे संभाषण तर माझ्या विशेष आवडीचे आहे. वरिष्ठ ऐकत नाहीत असे पाहून ते कुरकुरतात, युद्ध संपले की चार भरवशाचे गडी घेऊन साहेबलोकांपासून दूर कुठेतरी निघून जाऊ असे बेत करतात. कचेरीच्या जिन्यात ऐकू येते तसेच. पुढे लुटीवरून दोघांच्या तुकड्या एकमेकांना कापून काढतात. लेखकाने दार किलकिले केले आणि पुन्हा लावून घेतले.

याच लेखकाने 1938 साली 'द हॉबिट'च्या जर्मन प्रकाशकाच्या "आपण आर्यवंशीय आहात का" या विचारणेवर लिहिलेले उत्तर लक्षात ठेवावे. आर्य म्हणजे भारत-इराणी असा अर्थ असेल तर माझ्या पूर्वजांपैकी कोणी हिंदुस्थानी किंवा फारसी बोलत नव्हते, आणि ज्यू असण्याविषयी विचारत असाल तर त्या गुणी लोकांत माझे कोणी पूर्वज नाहीत याचा खेद वाटतो, असा त्याचा आशय होता. माणूस वंशवादी नसला तरी त्याच्या कथेचा सांगाडा वंशाच्या कप्प्यांवर उभा असू शकतो. दोन्ही गोष्टी खऱ्या मानून वाचता येते.

प्रश्न : सर्व नायक गोरेच असतात का?

नाही. अर्सुला ले ग्विन यांच्या 1968 सालच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'चा नायक गेड तांबूस तपकिरी वर्णाचा आहे, त्याचा मित्र व्हेच काळा आहे, आणि समुद्रावरून धाडी घालणारे कार्ग लोक गोरे आहेत. 2004 साली दूरचित्रवाणीसाठी झालेल्या रूपांतरात गेड गोरा दाखवला गेला तेव्हा लेखिकेने जाहीर नापसंती व्यक्त केली. आमच्या विषयासाठी मात्र 1971 सालचे 'द टूम्ब्ज ऑफ ॲटुआन' अधिक मोलाचे आहे. गोरी कार्ग पुजारीण टेनार अंधाऱ्या भुयारात गेड या सावळ्या जादूगाराला कैद करते. त्याचे लोक अधम असतात हे तिला लहानपणापासून शिकवलेले असते. ती त्याला मरू देत नाही, पाणी देते. तो तिला तिचे लहानपणी हिरावून घेतलेले खरे नाव परत देतो. या कथेत टेनारला आपली माणसे कायमची सोडावी लागतात, आणि ले ग्विन ती किंमत लपवत नाहीत.

प्रश्न : इतका गंभीर विषय विनोदी पुस्तकांत येतो का?

टेरी प्रॅचेट यांच्या 'मेन ॲट आर्म्स' (1993) या कादंबरीत ड्वार्फ कडी आणि ट्रोल डेट्रिटस यांना शहराच्या पहारेदलात जोडीने गस्त घालावी लागते. त्यांच्या वंशांचे वैर अशा एका लढाईवरून चालत आलेले असते की जिच्यात दोन्ही बाजूंनी एकमेकांवर दबा धरून हल्ला केला होता. ट्रोलांचा मेंदू थंडीत तल्लख चालतो, शहराच्या उष्म्यात तो मंदावतो, आणि म्हणून सगळे त्यांना मठ्ठ समजतात. दोघे एका शीतगृहात अडकतात तेव्हा हे कडीच्या लक्षात येते, आणि तो डेट्रिटससाठी छोटा पंखा बसवलेले शिरस्त्राण तयार करतो. 'यांची अक्कलच कमी' या मताला एका कारागिराने हातोडी आणि किल्लीच्या यंत्राने दिलेले हे उत्तर मला अनेक गंभीर प्रकरणांपेक्षा वजनदार वाटते. मे महिन्यात बडोद्यात राहणाऱ्याला तर ते विशेष पटावे.

प्रश्न : आपल्या महाकाव्यांत अशी मैत्री नाही का?

आहे, आणि ती आपल्याला अडचणीत टाकते. महाभारतातल्या शस्त्रस्पर्धेत कर्ण अर्जुनाला आव्हान देतो, कृपाचार्य कुळ विचारतात, आणि कर्णाची मान खाली जाते. 'नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये' असे आपण म्हणतो. त्या रंगमंडपात याच धर्तीचा युक्तिवाद करून शूराचे मूळ विचारणाऱ्यांना गप्प करतो तो दुर्योधन, आणि तो तिथल्या तिथे कर्णाला अंगदेशाचे राज्य देतो. अधिरथ सारथी आत आल्यावर कर्ण त्याच्या पायांवर डोके ठेवतो, भीम चाबूक हाती घेण्याचा टोमणा मारतो, तरीही दुर्योधन मागे सरत नाही. आजोबा, गुरुजन आणि अख्खे नगर समोर असताना. वर मांडलेल्या कसोटीवर तो पूर्ण उतरतो, आणि त्याला अर्जुनाच्या तोडीचा योद्धा हवा होता हेही उघड आहे. एका बैठकीत यावर दोन तास वाद झाला आणि खाली मागवलेली सेव उसळ निवून गेली.

प्रश्न : मुलांनी कोणत्या वयात आणि कोठून सुरुवात करावी?

दहा-अकराव्या वर्षी 'हॉबिट' किंवा हॅरी पॉटर. दोन्ही मराठी अनुवादात मिळतात. ले ग्विन तेराव्या वर्षानंतर.

प्रश्न : लेगोलास आणि गिमली यांचे शेवटी काय होते?

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टात अगदी थोडक्यात येते की अरागॉर्नच्या मृत्यूनंतर लेगोलासने एक करडे जहाज बांधले आणि अँडुइन नदीतून समुद्रापार, जिथे एल्फांखेरीज सहसा कोणाला जाता येत नाही तिकडे, तो गिमलीला बरोबर घेऊन गेला. निवेदक ही हकीकत सांगोवांगीची म्हणून देतो. एखादा ड्वार्फ कोणाच्याही प्रेमापोटी आपली भूमी सोडायला तयार व्हावा आणि एल्फांनी त्याला आत घ्यावे याचे त्यालाही नवल वाटते. जहाज पैलतीराला लागल्यावर धक्क्यावरच्या एल्फांनी गिमलीकडे कसे पाहिले, कोणी पट्टी पुढे केली का, आणि केली असेल तर या खेपेस लेगोलासने काय केले, हे पुस्तकात नाही. याहून अधिक सांगता येत नाही, असे म्हणून निवेदक तो विषय सोडतो.